ट्रेसरकाका आणि जाधव बोगदा

ट्रेसरकाका रस्ता सांगताना 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' हे दोन शब्द कधीच वापरत नसत. संध्याकाळी ते आमच्या स्टेशनच्या पहिल्या फलाटावर, कडुनिंबाखालच्या बाकावर बसलेले असत. एखादा नवखा प्रवासी विचारी, "काका, तिकीटखिडकी कुठं हाय?" काका काठी उचलून सांगत, "उगवतीच्या अंगाला वीस पावलं जा. दगडी कमान लागंल. तिथं उत्तरेला तोंड करा, म्होरंच हाय."

प्रवासी वैतागे. "अहो, गाडी यायची वेळ झाली. डावीकडं का उजवीकडं, तेवढं बोला की!"

"तुमचं डावं का माझं डावं? तुम्ही वळले की तुमचं डावं बी वळलं. उगवत कुठं जात न्हाई."

गावाला ही म्हाताऱ्याची लहर वाटे. मलाही वाटे. त्यामागचं कारण मला कळलं तेव्हा मी एका माणसाला छापून चोर ठरवून बसले होते.

काकांची सगळी नोकरी नांदेडला, बांधकामाच्या एका कचेरीतल्या नकाशा शाखेत गेली. ते ट्रेसर होते. म्हणजे साहेबाने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद टाचायचा, शाईच्या पेनाने रेघ न् रेघ गिरवायची आणि त्या कागदावरून प्रती काढायच्या. चुकलेली रेघ ब्लेडने खरवडून पुसायची, इतकी अलगद की कागदाला कळू नये. आता हे काम संगणक करतो. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाईच्या पेनाचा घट्टा मात्र शेवटपर्यंत होता. अक्षर असं की आमच्या गल्लीतल्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांवरची नावं तेच घालत. मूळचे उदगीरकडचे, नोकरी सुटल्यावर आमच्या गल्लीत राहायला आलेले. भेटल्यावर 'नमस्कार' न म्हणता लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे 'शरणार्थ' म्हणत, आणि समोरचा कुठल्या जातीधर्माचा आहे याचा विचार न करता म्हणत.

माझ्या वडिलांशी त्यांची दोस्ती होती, ती भांडणाची. वडील शिक्षक आणि पत्रकं काढणारे. आमच्या घरात वह्यांना कव्हरं पत्रकांची, फडताळात अंथरलेली पत्रकं, आणि मी मुळाक्षरं शिकले तीही 'जाहीर सभा'तल्या ज आणि स वरून. वडील नवं पत्रक काकांना वाचून दाखवत आणि काका ऐकून झाल्यावर एवढंच म्हणत, "गुरुजी, रेघ कमी अन् रंग जास्त झालाय." वडील चिडत. मी वडिलांच्या बाजूने चिडे. ज्याच्या पोटात आग नाही त्याने पत्रकावर बोलू नये, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

वडील गेल्यावर काका माझे झाले. संध्याकाळी मी त्यांच्यासोबत स्टेशनवर जाई. ते फलाटावरून चालत आणि स्टेशन वाचून दाखवत.

"हे ठेसन तीनदा बांधलंय, माय," ते म्हणत. पहिलं निजामाच्या राज्यातलं. काळ्या दगडाच्या भिंती, कमानी, एकच फलाट आणि अरुंद रुळांची गाडी. दुसरं, रूळ रुंद झाले तेव्हाचं. फलाट उंच केला आणि जुनी इमारत होती तिथेच राहिली. म्हणून आमच्या प्रतीक्षालयात शिरताना दोन पायऱ्या खाली उतरावं लागतं, आणि आतल्या खिडकीतून माणसं नाही, पाय दिसतात. ते पाय दाखवून काका हसत. "बघ, इमारत बुडाली न्हाई, जमीन वर आली." तिसरं स्टेशन म्हणजे बोगदा. रुळांच्या दक्षिणेला वस्ती वाढली, सरकारी दवाखाना झाला, मुलींची शाळा झाली. रूळ ओलांडताना माणसं मरू लागली. मग रुळांखालून भुयारी मार्ग खणला. त्याला गाव बोगदा म्हणतं.

"पयल्या बारीला गाडीसाठी बांधलं," काका म्हणत, "दुसऱ्या बारीला रुळांसाठी. माणसासाठी बांधलं ते तिसऱ्या बारीला. अन् तिथंच गलती झाली."

गलती कुणाची, हे मी कधी विचारलं नाही. ते गावाला ठाऊकच होतं.

बोगद्यातून दक्षिणेला बाहेर पडण्यासाठी पायऱ्या चढाव्या लागतात. दवाखाना आणि शाळा उगवतीला. पायऱ्या मात्र मावळतीला वळतात आणि एका शेटच्या केळीच्या गोदामाच्या भिंतीसमोर उघडतात. तिथून नाल्याच्या कडेने उलटं फिरून यावं लागतं. पावसाळ्यात त्या चिखलातून शाळेच्या मुली चपला हातात घेऊन जातात, आणि बाळंतिणीचा डबा घेऊन निघालेली सासू एका हाताने भिंत धरून चालते. बोगदा झाला तेव्हा मी चौथीत होते. वर्षभरात गोदामाला लागून शेटची दुकानं उभी राहिली आणि गावाने निकाल दिला: कामावरच्या जाधवसाहेबांनी शेटशी संधान बांधून तोंड फिरवलं. माझ्या वडिलांनी त्यावर पत्रक काढलं. 'जाधव बोगदा' हे नाव त्या पत्रकातलं. ते इतकं चिकटलं की रिक्षावालेही तसंच म्हणू लागले. जाधवसाहेबांची चौकशी झाली, काही निघालं नाही, बदली मात्र झाली. काही निघालं नाही म्हणजे वरपर्यंत पोचलंय, असं गावाने त्यावर म्हटलं.

काही वर्षांपूर्वी स्टेशनच्या नूतनीकरणाचा आराखडा फलाटावर लावला गेला. सूचना मागवल्या होत्या. त्यात बोगद्याचं तोंड जसंच्या तसं मावळतीला पाहून माझं डोकं फिरलं. मी एकाच बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा, 'जाधव बोगदा कुणाच्या दारात?' एका माणसाच्या हावेपायी गावाच्या लेकी चिखल तुडवतात, त्या जाधवांना शोधून जाब विचारा, असं मी लिहिलं. पत्रक गाजलं. चहाच्या टपरीवर लोकांनी ते मोठ्याने वाचलं. "गुरुजींची पोरगी शोभती," असं लोक म्हणाले, आणि मी दोन दिवस जमिनीवर नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रेसरकाका घरी आले. काखेत पत्र्याची लांब नळी, हातात माझं पत्रक.

"ह्यातलं तू डोळ्यानं काय पाह्यलंस?"

"काका, तोंड गोदामाकडं आहे. ते सगळ्यांनी पाहिलंय."

"ते झालं. जाधवसायबानं फिरवलं, हे कुणी पाह्यलं?"

"मग काय आपोआप फिरलं?"

"न्हाई." ते खाटेवर टेकले. "म्या फिरवलं."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. त्यांनी नळीतून दोन कागद काढले. एक पिवळट, पेन्सिलीच्या रेघांचा. दुसरा शाईचा, त्यांच्या मोत्यांसारख्या अक्षरांचा. खिडकीच्या काचेवर दोन्ही एकावर एक धरले. रेघा जुळेनात. मग पेन्सिलीचा कागद त्यांनी पालथा केला आणि पुन्हा धरला. पायरी न् पायरी जुळली.

त्यांच्या शाखेत एक रीत होती. साहेब पेन्सिलीच्या कागदावर फक्त रेघा काढत. नावं, मापं, उत्तरेचा बाण हे सगळं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून देत, कारण काकांचं अक्षर सुरेख आणि पेन्सिलीच्या अक्षरांनी कागद मळतो. काका आधी सगळ्या रेघा ओढत आणि अक्षरं शेवटच्या दिवशी घालत. हा त्यांचा अभिमान होता. बोगद्याच्या दक्षिण तोंडाचा कागद त्यांनी टाचला तो पालथा. पातळ कागद, दोन्हीकडून सारख्याच दिसणाऱ्या रेघा, त्यावर एकही अक्षर नाही. पालथ्या पायऱ्या सुबक गिरवल्या गेल्या आणि मग त्यावर चिठ्ठीतली नावं आणि उत्तरेचा बाण सरळ घातला गेला. मावळतीला वळलेला जिना असा कागदावर जन्मला.

"चूक तर कुणाचीही होते," मी म्हणाले. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"त्या चुकीबद्दल न्हाई सांगत म्या. म्होरचं ऐक. जाधवसायबानं कामावरून पत्र पाठवलं होतं. पायऱ्या उलट्या बाजूला वळतेत असं वाटतंय, नकाशा तपासून कळवावं. ते पत्र माझ्या टेबलावर आलं. म्या माझाच कागद काढला, त्याच्या प्रतीशी लावून पाह्यला, अन् खाली लिहून दिलं, 'नकाशा बरोबर आहे.' मूळ कागद कपाटात होता. काढाया अर्धा घंटा लागला असता." त्यांनी पेन्सिलीच्या कागदावरून बोट फिरवलं. "माझी रेघ चुकंल, हे माझ्या मनातच आलं न्हाई."

शाखा बंद झाली, जुने कागद रद्दीत निघाले, तेव्हा आठवण म्हणून त्यांनी आपल्या हातचे काही नकाशे घरी आणले. त्यांत ही जोडी निघाली. तेव्हापासून ती नळी त्यांच्या खाटेखाली होती आणि तेव्हापासून डावं-उजवं हे शब्द त्यांच्या तोंडून गेले होते.

"इतकी वर्षं गप्प का बसलात?" मी ओरडलेच.

"भ्यालो. आजवर लोक बोलत होते. बोललेलं इरून जातंय म्हणून मनाला समजावत होतो. तू छापलंस, माय. छापलेलं ऱ्हातंय." मग हळूच म्हणाले, "जाधवसाहेब हयात हायेत. लातूरला ऱ्हातेत, औसा रोडला. म्या पत्ता काढलाय. एकट्याचे पाय उचलत न्हाईत."

आम्ही एसटीने निघालो. अहमदपूर येईपर्यंत काका ताठ बसून होते. नळी मांडीवर आडवी, दोन्ही हात तिच्यावर. मी खिडकीबाहेर पाहत होते आणि माझ्या पत्रकातली वाक्यं मला एकेक करून आठवत होती. 'हावेपायी' हा शब्द तर मी तीनदा वापरला होता.

जाधवसाहेब ओसरीवर सुपात तुरीची डाळ निवडत बसले होते. बारीक चणीचे, जाड भिंगाचा चष्मा. काकांनी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली, आणि आतून जाधवबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सांगून झाल्यावर काकांनी कागद पुढे केले. जाधवसाहेब उठले, खिडकीपाशी गेले आणि कुणी न सांगता त्यांनी पेन्सिलीचा कागद पालथा करून काचेवर धरला.

"मी पत्र पाठवलं होतं," ते म्हणाले.

"व्हय, सायेब. उत्तर म्याच लिहून दिलं."

"आणि मी काय समजलो, सांगू? नांदेडच्या कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी शेटशी जमवलं आणि वरूनच तोंड फिरवून पाठवलं. घरच्यांना तेच सांगितलं. पाहुण्यारावळ्यांत सांगितलं. मोठे साहेब वारले, तेव्हा मातीला गेलो नाही." ते खाली बसले. सूप पायाने लवंडलं, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. "गाव मला चोर म्हणत होतं, मी त्यांना म्हणत होतो. कागद पालथा पडलाय, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही."

दारातून जाधवबाई म्हणाल्या, "माझं माहेर तुमच्याच गावात आहे. सख्ख्या भाच्याच्या लग्नाला मी गेले नाही. मांडवात कुणी 'बोगद्यावाली आली' म्हणालं असतं, तर मी काय करणार होते?"

काका वाकून त्यांच्या पाया पडू लागले. त्या मागे सरकल्या.

"वयानं मोठे आहात, असं करू नका. चहा टाकते. माफीचं नंतर बघू."

मी तेव्हा सांगितलं, की बोगद्याला नाव माझ्या वडिलांनी दिलं आणि ताजं पत्रक माझं आहे. चहा आला. माझा कप बाईंनी माझ्या हातात दिला नाही, समोर स्टुलावर ठेवला. तो मी उचलला आणि चहा प्यायले. निघताना त्या म्हणाल्या, "नवं छापाल तर माझ्या भावाच्या घरी नेऊन द्या. मी सांगितलं म्हणून नका सांगू. नुसतं द्या."

दुसरं पत्रक लिहायला मला चार दिवस लागले. मी वाचून दाखवी, काका काट मारत.

"'प्रामाणिक जाधवसाहेब' हे काढ."

"काका, पण ते आहेत!"

"असतेल. पण प्रामाणिक म्हणलं की लोक म्हणतेत, कामून म्हणाया लागलं? कागद कसा पालथा पडला तेवढं सांग. अन् माझं पुरं नाव घाल. ट्रेसरकाका म्हणून लपवू नको."

शेवटी मजकूर एका पानाचाही उरला नाही. दोन छोटे नकाशे, एक सुलटा, एक पालथा. ते काकांनी स्वतः काढून दिले. त्यांच्या आयुष्यातल्या पहिल्या वाकड्या रेघा त्या असाव्यात. खाली त्यांचं पूर्ण नाव, जे अर्ध्या गावाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. जाधवसाहेबांनी लातूरहून एक ओळ पाठवली होती, मोठ्या साहेबांवर धरलेला आपला संशय खोटा होता अशी. तीही घातली. वडिलांचं काय करायचं, हे काकांनी मला विचारलं नाही. "ते तुझं तू बघ," म्हणाले. मी एक रात्र आणि एक दिवस टाळलं. मग लिहिलं: 'हे नाव पहिल्यांदा माझ्या वडिलांनी छापलं, नंतर मी. आम्ही दोघांनीही कागद पाहिला नव्हता.'

जाधवबाईंच्या भावाच्या घरी मी पत्रक नेऊन दिलं आणि नुसतंच दिलं. त्याने दारातच वाचलं, पुन्हा वरून वाचलं आणि आत वळून बायकोला हाक मारली.

बाकीची काकांनी स्वतः वाटली, बोगद्याच्या दक्षिणेच्या तोंडाशी उभं राहून. मी बसायला खुर्ची आणली, ती त्यांनी परत पाठवली. लोकांनी त्यांना सोडलं नाही. "काका, म्हातारपणी कितीला विकले गेलात?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "जाधवचा पाव्हणा दिसतोय." मला सगळ्यांत जास्त दुखावलं ते माझ्या एका मित्राने. माझ्या पहिल्या पत्रकाला टाळ्या वाजवणारा तो, पत्रक चुरगाळून म्हणाला, "तूसुद्धा?" मी भांडायला तोंड उघडलं. काकांनी माझं मनगट धरलं आणि त्याला म्हणाले, "बाबा, मूळ कागद घरी हाय. चल, काचेवर धरून दाखवतो. पटला न्हाई तर म्होरं बोल."

तो नाही आला. पण काही जण आले. शाळेतल्या दोन बाई आल्या, एक रिक्षावाला आला, आणि शेटचा मुलगा आला. तो काचेसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या बापाला बी लोक चोरच म्हणत होते, काका. त्याचं कोण छापणार?" त्या पत्रकात शेटच्या नावाची एक ओळ असायला हवी होती. आज इथे ती लिहिते: शेटने काही केलं नव्हतं. दार समोर उघडलं म्हणून त्याने दुकानं बांधली, एवढंच.

त्या दोन कागदांच्या प्रती जोडून आम्ही आराखड्यावर हरकत नोंदवली. उगवतीला दुसरा जिना मान्य झालाय असं सांगतात. अजून कुदळ पडलेली नाही. पडेपर्यंत मी अर्ज करत राहणार आहे, आणि त्या अर्जांत विशेषणं नसतात.

त्याच उन्हाळ्यात काकांचे गुडघे गेले. मुलाने त्यांना उदगीरला न्यायचं ठरवलं, आणि श्रावणात ते तिथेच वारले. आमच्या गावातून निघायच्या आदल्या संध्याकाळी ते म्हणाले होते, एकदा बोगद्यातून घेऊन चल. पायऱ्यांवर आम्हाला बराच वेळ लागला. वर, गोदामाच्या भिंतीपाशी, अर्धापूरची केळी विकणारी एक बाई टोपली घेऊन बसली होती. नवीनच दिसत होती. एका प्रवाशाने तिला विचारलं, "मावशी, ह्याला जाधव बोगदा कामून म्हणतेत? कोण होते हे जाधव?"

"काय की बाबा," ती घडाची केळी मोडत म्हणाली. "कुणीतरी मोठा भला माणूस असंल. त्याबिगर नाव देतेत का कुणाचं?"

मला इतका आनंद झाला की मी काकांचा दंड दाबला. झालं की! गावाने आपोआप डाग धुतला होता. आता यावर कुणी काही बोलायची गरज नव्हती. मी काकांकडे पाहिलं. ते हसत नव्हते.

"असं न्हाई चालत," ते पुटपुटले. माझा हात सोडून, काठी टेकत ते टोपलीपाशी गेले, भिंतीला धरून हळूहळू खाली बसले आणि एक केळं विकत घेतलं.

"शरणार्थ, बाई," ते म्हणाले. "जाधवसाहेब भले हायेत, ते खरं. लातूरला ऱ्हातेत. पण नाव त्यासाठी न्हाई पडलं. टाइम हाय का? सांगतो. एक कागद होता, अन् म्या तो पालथा टाचला…"